अक्काने हलवून पाहिलेले गुडघे

मंडळी, आज सावद्याच्या माझ्या थोरल्या बहिणीला, अक्काला, जळगावात डॉक्टरांकडे नेलं. तिचा गुडघा बदलायचा आहे.

डॉक्टरांनी कृत्रिम सांध्याचे दोन नमुने दाखवले आणि कोणता हवा, असं अक्काला विचारलं. अक्काने दोन्ही हलवून पाहिले. "हा डुगडुगते. बिजागरीवाला घट्ट आहे, तोच बसवा. मले केळीच्या बागेत चालनं आहे."

डॉक्टर म्हणाले, "बिजागरीवाल्याचा सगळा ताण हाडावर येतो, अक्का. पुढे तो हाडातच सैल होऊ शकतो. डुगडुगणाऱ्याला तुमचे स्वतःचे लिगामेंट, म्हणजे हाडं जोडणारे बंध, धरून ठेवतात."

"माहे धरतीन?"

"ऑपरेशनमध्ये गुडघा उघडल्यावर नक्की कळेल."

"मंग मले कायले विचारता, भाऊ?"

डॉक्टर हसले. मला हसू आलं नाही. उद्या ऑपरेशनला होकार कळवायचा आहे.

गुडघा बदललेल्यांनो, खरं सांगा: ओल्या जमिनीवर त्या पायावर भार टाकायची भीती गेली का?