तिखटाचे हात

नातवाने परवा सांगितलं, तिखट हा शब्द तीक्ष्ण या जुन्या शब्दापासून आला. तीक्ष्ण म्हणजे धारदार. मिरची आपल्याकडे जहाजांतून फार उशिरा आली, त्याआधी मिऱ्यांना तिखट म्हणत. म्हणजे शब्द मिरचीहून जुना. मी चौथीपर्यंत शिकलेली, मला हे ठाऊक नव्हतं. पण तिखटाला धार असते हे ठाऊक होतं. मी ती एका तान्ह्या पोरीच्या डोळ्यांत फिरवली आहे.

तारापूरला अणुवीज केंद्राचं बांधकाम चाललं होतं, तेव्हाची गोष्ट. घरात मी, मोठी जाऊ, तिची चार महिन्यांची मुलगी आणि आमची विधवा नणंद. नणंदेला मूल नव्हतं. भाचीला ती मांडीवरून खाली ठेवत नसे.

चैत्रात आम्ही वर्षाचा मसाला कुटायचो. कुटून झालं की हाताला खोबरेल चोळायचं, मग धुवायचे. नुसत्या पाण्याने तिखट जात नाही. त्या दिवशी मी आळस केला. पाण्यानेच हात धुतले, पोरीला बोटाने काजळ घातलं आणि तिला नणंदेकडे दिलं.

पोर किंचाळली. डोळे सुजले. जावेने मीठ-मिरच्या उतरवून चुलीत टाकल्या.

"ठसका नाय आला," ती म्हणाली. ठसका आला नाही तर नजर लागली, असं आम्ही मानायचो. दिवसभर मिरच्या कुटलेल्या बायकांना कसला ठसका येणार! पण जाऊ नणंदेकडे वळली. "तुजीच नजर. आजपासून पोरीला हात लावू नको."

माझी बोटं अजून चुरचुरत होती. मी ती पदरात लपवली. जावेचा बोल नको होता, एवढंच कारण.

दोन दिवसांत डोळे निवळले. आठवड्याने सुके बोंबील टोपलीत भरताना नणंदेने विचारलं, "वयनी, खरं सांग. माजी नजर वाईट हाय का गो?"

"मला काय ठावं, बाय. मोठी वयनी बोलते तं आसंल."

तिने पटल्यासारखी मान डोलावली.

दोन वर्षांनी मी माहेराहून माझा मुलगा घेऊन आले. नणंद ओटीवर उभी होती, तोंड भिंतीकडे फिरवून.