म्हशीची उजवी बाजू

पीएचडीची पाच वर्षं मी म्हशीच्या गर्भाशयावर घालवली. कत्तलखान्यातून अवयव आणायचे, फॉर्मलिनमध्ये ठेवायचे, ट्रेमध्ये मांडून त्यांना धरून ठेवणारे पडदे आणि बंध मोजायचे. सगळं काम मेलेल्या म्हशींवर. बदलापूरला आमच्या बिल्डिंगमध्ये मात्र मी ‘गुरांचा डॉक्टर’ होतो. शरीररचनाशास्त्र म्हणजे काय, हे समजावून सांगायचा मी आधी प्रयत्न केला, मग सोडून दिला. फुकटचा मान कोणाला नको असतो?

ऐंशीच्या दशकाच्या अखेरीला एका रविवारी सकाळी, आमच्याकडे जवळच्या खरवई गावाहून दूध घालणाऱ्या मावशी रिकाम्या हाताने आल्या. त्यांची म्हैस कालपासून विताना अडली होती आणि सरकारी डॉक्टर रजेवर होते. घरात म्हशी दोनच, आणि दुसरी आटत आलेली.

“तुमी हाय ना,” त्या म्हणाल्या. बायको शेजारीच उभी होती. मला नाही म्हणवेना.

गोठ्यात म्हशीच्या मागे उभं राहून हात आत घातला आणि लगेच कळलं, गर्भपिशवीला पीळ पडलाय. यावरचा उपाय मी पशुवैद्यक कॉलेजात मुलांना शिकवलाही होता. म्हशीला आडवी पाडायची, पोटावर फळी ठेवून एकाने तिच्यावर उभं राहायचं आणि बाकीच्यांनी, पीळ ज्या बाजूला असेल त्याच बाजूला म्हशीला झटक्यात लोळवायचं. पिशवी जागेवर राहते, अंग फिरतं आणि पीळ सुटतो. बाजू चुकली तर पीळ आणखी आवळतो.

“डावीकडे,” मी मास्तरकीच्या आवाजात सांगितलं.

मावशी म्हशीचं डोकं धरून बसल्या. त्यांचे दोन मुलगे आणि चार शेजारी दोर ओढायला. लोळवली. पुन्हा हात घातला, तर मघाशी जिथे मनगट जात होतं तिथे आता दोन बोटंही जाईनात.

ट्रेमधलं गर्भाशय मी नेहमी डोक्याच्या बाजूने बघत असे. म्हशीची उजवी बाजू माझ्या डाव्या हाताला यायची. इथे मी शेपटीकडे उभा होतो आणि पाच वर्षांच्या सवयीने उलटं बोललो होतो. पुराणातली वांगी पुराणात, दुसरं काय! घाम फुटला, पण तोंडाने एवढंच म्हणालो, “आता उजवीकडे.” तीनदा लोळवल्यावर पीळ सुटला, पाणी आलं आणि मागोमाग पारडी आली. मेलेली.

तिचे डोळे स्वच्छ होते. पारडू पोटात मरून बराच वेळ गेला की डोळ्यांवर साय धरल्यासारखं होतं. ही नुकतीच गेली होती. हे त्या गोठ्यात फक्त मला कळत होतं.

“आधीच गेली होती,” मी म्हणालो. सगळ्यांनी माना डोलावल्या, म्हैस वाचली म्हणून मला चहा पाजला. तो मी खाली मान घालून प्यालो.

मावशींचं दूध येत राहिलं. पारडीवाचून म्हैस पान्हा सोडत नाही, अर्धा अर्धा तास गोंजारावी लागते, असं त्या दारात बायकोला सांगत. मी पेपरात डोकं खुपसून ऐकत असे. मला स्वतःची लाज वाटायची.

दीड वर्षाने मावशी पुन्हा तशाच आल्या. म्हशीचे दिवस भरले होते आणि ती सकाळपासून उठबस करत होती. आता मात्र मला राहवेना.

“मावशी, कॉलेजातले दुसरे डॉक्टर बोलावतो. मागच्या वेळी मी म्हैस आधी उलट्या बाजूला लोळवली. पारडी बहुतेक माझ्यामुळेच गेली.”

“ठावं हाय,” त्या म्हणाल्या. “डोकं मीच धरलं व्हतं. तुमचं त्वांड दिसत व्हतं मना.”

“मग मला कशाला नेताय?”

“दुसरा चुकंल का नाय, मना काय ठावं? तुमी आता नाय चुकनार. चपला घाला.”