बाबांची ट्रकस्वारी

तंदूरमधून निघालेल्या रोटीचा खरपूस वास आला, की मला आमच्या कोहमारा गावातली ती सकाळ आठवते. आई अंथरुणाला खिळलेली होती आणि बाबा नाक्यावरच्या ढाब्यात रोट्या भाजून एकट्याच्या मजुरीवर आम्हा भावंडांना शिकवत होते. त्या दिवशी गोंदियात माझी नर्सिंगच्या प्रवेशाची परीक्षा होती आणि बस आलीच नाही. मी रडकुंडीला आले. बाबा कणकेच्या हातांनीच रस्त्यावर धावले आणि त्यांच्या हातच्या रोट्या नेहमी खाणाऱ्या एका ट्रकवाल्याला त्यांनी अडवलं. तो म्हणाला, "सोचता क्या है भाई? बिटिया को लेके बैठ जा!" ट्रक सुसाट निघाला. दोन्हीकडे धानाच्या हिरव्या बांध्या मागे पळत होत्या आणि बाबा ओरडत होते, "अजून जोरात घे जी!" आम्ही पोचलो तेव्हा परीक्षा केंद्राचं फाटक बंद होत होतं. बाबांनी उडीच मारली. "थांबा जी, माही पोरगी येऊन राहिली!" शिपायाने हसत मला आत घेतलं. पेपर संपवून बाहेर आले, तर बाबा उन्हात तसेच उभे होते. मला पाहताच म्हणाले, "बाई, किती उंचावरून दिसते वो सारं!" वर्षानुवर्षं ट्रकवाल्यांना जेवू घालणारे माझे बाबा त्या दिवशी पहिल्यांदा ट्रकात बसले होते. पेपर कसा गेला, हे विचारायचं त्यांना परतीच्या बसमध्ये आठवलं. मला प्रवेश मिळाला, आज मी नर्स आहे. त्या पेपरातला एकही प्रश्न मला आठवत नाही. बाबांचा तो हरखलेला चेहरा मात्र जसाच्या तसा आठवतो.