गुरवाच्या घरचा कौल

आमच्या गावात अजून कौल लावतात. तळेगावजवळ, इंदुरीवरून पुढं आत वळलं की आमचं गाव, आणि मी तिथल्या देवाचा गुरव. लग्न, बोअर, वाटणी, ऑपरेशन, माणसं कशावरही अडतात आणि माझ्याकडे येतात. मी देवाच्या छातीवर उजवीकडे एक आणि डावीकडे एक अशा फुलाच्या दोन पाकळ्या पाण्यात बुडवून चिकटवतो. माणूस प्रश्न विचारतो. उजवी आधी गळाली तर होकार, डावी गळाली तर नकार. मग सगळे गप्प बसून वाट बघतात. बापाकडून आलेलं काम आहे. दुसऱ्या कुणाच्या कौलात मी कधी लबाडी केली नाही. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढचं वाचल्यावर त्यावर कुणाचा विश्वास बसणार नाही.

मुलीला बारावीनंतर दोन ठिकाणी नर्सिंगची जागा मिळाली. एक नागपूरला, सरकारी कॉलेजात, चार वर्षांची डिग्री, राहायला हॉस्टेल. दुसरी तळेगावच्या बाजूला एका खासगी संस्थेत, तीन वर्षांचा डिप्लोमा, घरून जाऊन-येऊन. कुणालाही विचारलं असतं तर नागपूर म्हणाला असता. पण तिची आई आजारी होती. किडन्या गेलेल्या. आठवड्यातून दोनदा तळेगावला डायलिसिस, आणि तिला घेऊन मुलगीच जायची.

मी का जात नव्हतो? देवाची पूजा कोण करणार, असं सांगायचो. गावाला ते पटायचं. खरं म्हणजे मी एकदा गेलो होतो. बायकोच्या हातातून नळीतून रक्त बाहेर चाललेलं पाहिलं आणि जिन्यात येऊन बसलो. परत आत गेलोच नाही. सगळं आटोपल्यावर ती मुलीच्या खांद्याला धरून बाहेर आली.

"कुटं होता वं?"

"चहाला गेलतो," मी म्हणालो.

त्यानंतर माझी पूजा लांबत गेली.

बायकोचं मात्र ठरलेलं होतं. "जाऊ द्या तिला नागपूरला. माझं काय, मी जाईन रिक्षानं. न्हाईतर तुमी हायेच की." ते 'तुमी हायेच की' ऐकून मी देवळाची किल्ली घेतली आणि बाहेर पडलो.

मुलीचं ठरत नव्हतं. एक दिवस नागपूरची बॅग भरायला घ्यायची, दुसऱ्या दिवशी आईचे पाय सुजलेले बघून कपडे परत काढून ठेवायची. कॉलेजला कळवायची वेळ जवळ आली तेव्हा तीच म्हणाली, "बाबा, तुम्ही कौल लावा. देव सांगेल ते करते."

देवळाच्या पायरीवर दिवसभर बसणारे एक आबा होते. त्यांना हे कळलं तेव्हा म्हणाले, "गुरवाच्या घरचा कौल! न्हाव्यानं सोताचीच दाढी करायची म्हंजे. रगत न्हाई आलं म्हंजे मिळवली." पायरीवरची सगळी हसली. मीही हसलो.

प्रश्न होता, नागपूरला जाऊ का. देवाला सकाळीच शेंदूर चढवला होता, तेलात कालवलेला, अजून ओला. उजवी पाकळी मी त्या ओल्या शेंदरात अंगठ्यानं दाबून बसवली. डावी पाणी झटकून नुसती टेकवली. मुलगी माझ्या मागं डोळे मिटून, हात जोडून उभी होती. तिनं काहीच पाहिलं नाही. पाहिलं असतं तरी आपला बाप असं करील हे तिच्या मनात आलं नसतं.

डावी गळाली. "देव न्हाई म्हनतो," मी म्हणालो. तिनं आधी देवाचे पाय धरले, मग माझे.

घरी बायको उशीला टेकून बसली होती. मी सांगितलं. ती माझ्या हाताकडे बघत राहिली. शेंदूर लावताना मी बोटं वापरतो, माझा अंगठा कधी भरत नाही. आयुष्यभर माझे शेंदराचे कपडे धुतलेल्या बाईला हे ठाऊक होतं.

"अंगठा धुवा तो," ती म्हणाली. पुन्हा कधी त्यावर बोलली नाही. मला ओरडली असती तर मी नागपूरला फोन लावला असता, असं मी स्वतःला बरेच दिवस सांगत आलो. नसता लावला.

मुलगी डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला असताना बायको गेली. डायलिसिस चालू असतानाच. मुलगी कॉलेजच्या युनिफॉर्मवर तिच्या उशाशी होती. मी गाभाऱ्यात. फोन देवळाच्या कोनाड्यात वाजत होता आणि कुणाचा असेल ते कळूनही मी आधी आरती पुरी केली.

दहाव्याला बायका म्हणत होत्या, पुण्यवान बाई, लेकीच्या मांडीवर गेली. मुलगी म्हणाली, "देवानंच मला अडवलं, मावशी. नागपूरला असते तर तोंडसुद्धा दिसलं नसतं." मी उठून गोठ्यात गेलो. पुढं हे वाक्य तिनं कितीतरी जणांना सांगितलं. दर वेळी मी काहीतरी निमित्त काढून उठलो.

डिप्लोमा झाला आणि ती लोणावळ्याच्या एका खासगी हॉस्पिटलात नर्स म्हणून लागली. तिथंच खोली घेतली. डिग्रीवाल्या मुली तिच्यामागून आल्या आणि तिच्या वरच्या जागेवर गेल्या. ती तक्रार करायची नाही. एकदाच म्हणाली, "मला शिकवायला आवडलं असतं, बाबा. नर्सिंगच्या मुलींना. पण त्याला डिग्री लागते."

यंदा तिनं डिप्लोमावाल्यांना पुढं डिग्री देणाऱ्या कोर्सला अर्ज केला. पुन्हा दोन जागा आल्या. पुण्याला एक, कोल्हापूरला एक. कोल्हापूरचं कॉलेज चांगलं, पण मी इथं एकटा. दुपारी देवळात कुणी नव्हतं, तेव्हा ती आली. ओंजळीत फुलं घेऊन.

"बाबा, कौल लावा. मागच्या वेळी देव बरोबर बोलला होता."

पाकळ्या काढायला मी फूल हातात घेतलं आणि तिथंच खाली बसलो.

"मागच्या वेळी देव बोललाच न्हाई," मी म्हणालो. "डावी पाकळी मी पाडली. उजवी शेंदरात दाबून ठेवली होती."

ती हसली. तिला चेष्टा वाटली. मग माझ्या तोंडाकडे बघून थांबली. "का?"

"तू गेली असतीस तर मशीनपाशी मला बसावं लागलं असतं. मला ते रक्त बघवत न्हवतं."

"एवढंच?"

"व्हय. एवढंच."

तिनं ओरडावं असं मला वाटत होतं. ती खांबाला टेकून हळूच खाली बसली.

"आईला माहीत होतं?"

"असावं. माझा अंगठा बघितला तिनं."

तेव्हा मात्र ती रडली. आईचं नाव घेऊन, लहानपणी रडायची तशी. मी हात पुढं केला तो तिनं बाजूला सारला. मग डोळे पुसून म्हणाली, "डिग्रीचं काही नाही, बाबा. ती आता करीन. पण आई गेल्यापासून मी एकाच गोष्टीवर उभी होते, की देवानं मला तिच्यासाठी ठेवून घेतलं. आता कळलं, तुम्ही भ्यालात म्हणून मी तिथं होते. हे सांगायची एवढी गरज होती का? कुणाला होती?"

खरं सांगितलं की मन हलकं होतं म्हणतात. माझं झालं नाही, आणि तिच्याजवळ होतं तेही मी काढून घेतलं.

फुलं तशीच पडली होती. कौल लावायचा विषय कुणीच काढला नाही. चार दिवसांनी तिचा फोन आला, कोल्हापूर घेतलंय. विचारलं नाही, कळवलं. लोणावळ्याची खोली सोडून ती आधी घरी आली. कोल्हापूरची बस एक्सप्रेसवेवरच्या उर्से टोलनाक्यावर थांबते, तिथं मी तिची बॅग घेऊन गेलो. ती पाया पडली नाही. मीही थांबून राहिलो नाही, म्हणजे तिला मागं वळून बघायची अडचण नको.

आता दर रविवारी फोन करते. जेवलात का, बीपीची गोळी घेतली का, चक्कर तर येत नाही ना. आवाज गोड असतो. पूर्वी ती माझ्याशी भांडायची, मीठ कमी खा म्हणून डाफरायची. आता वॉर्डात अनोळखी पेशंटशी बोलावं तशी बोलते. मी सगळ्याला हो म्हणतो. मग "काळजी घ्या" म्हणून ती फोन ठेवते.