जाधवबाईंची नजर

जाधवबाई गेल्या हे मी नंदाला फोनवर सांगितलं, तेव्हा ती केळशीला अंगणात आमसुलं वाळत घालत होती. "बरं," एवढंच म्हणाली... आणि फोन ठेवला.

जाधवबाई रत्नागिरीतल्या आमच्या हॉस्पिटलच्या मेट्रन. मी आणि नंदा त्यांच्या हाताखाली नर्स म्हणून एकदमच नोकरीला लागलो. चेहरा पाहून माणसाच्या मनात काय चाललंय हे ओळखण्यात त्यांचा हात धरणारं कोणी नव्हतं. एकदा भाऊ दगावला म्हणून हर्णेचा एक माणूस डॉक्टरांच्या अंगावर धावून आला. सगळे मागे सरले. बाई मात्र पुढे झाल्या आणि म्हणाल्या, "आईला आता कोण सांगणार? तुम्हीच ना?" तो गडी तिथेच खाली बसला आणि ढसाढसा रडला. आम्ही नव्या मुली भारावून पाहत राहिलो. तीच नजर आमच्यावरही असते, हे कळायला वेळ लागला.

नंदाचं बाळ सातव्या महिन्यात पोटातच गेलं. रजेवरून ती परतली त्याच दिवशी बाईंनी तिला प्रसूती वॉर्ड दिला. "बाई, दुसरीकडे कुठेही टाका," ती हात जोडून म्हणाली. बाईंनी तिच्या खांद्यावर हात ठेवला. आवाज अगदी मायेचा. "तिथलं रडणं तुला ऐकवत नाही ना? म्हणूनच. तू एकही बाळ रडत ठेवणार नाहीस." आणि झालंही तसंच. तो वॉर्ड इतका चांगला कधी चालला नव्हता. बाळंतिणी नंदाला दुवा देत घरी जायच्या, आणि नंदा कपडे बदलायच्या खोलीत तोंडात रुमाल कोंबून बसायची. शेवटी तिने नोकरी सोडली. निरोपाच्या दिवशी बाई रडल्या... खरंखुरं रडल्या. मला आजही त्याचीच भीती वाटते.

निवृत्तीनंतर बाईंना कॅन्सर झाला. लग्न केलेलं नव्हतं, जवळचं कोणी नव्हतं. आमच्याच हॉस्पिटलात येऊन पडल्या. "नंदाला बोलाव," असा माझ्यामागे धोशा लावला. नंदा आली. तिने त्यांची कूस बदलली, केस विंचरले, ओठ ओले केले. कुठे बोट ठेवायला जागा नव्हती.

"गेला का गो राग?" बाईंनी विचारलं.

"तुम्हाला चेहऱ्यावरून कळतं ना, बाई," नंदा हळूच म्हणाली आणि आपला चेहरा त्यांच्या अगदी जवळ नेला. "बघा."

बाई बघत राहिल्या... मग त्यांनी डोळे मिटून घेतले. नंदाने चादर सारखी केली आणि दुपारच्या एसटीने ती निघून गेली. त्यानंतर बाईंनी कुणालाच बोलावलं नाही.

आता मेट्रनच्या खोलीत मी बसते. दाराला काच आहे. मुली आत येण्याआधी बाहेर क्षणभर थांबतात, डोळे पुसतात, चेहरा कोरा करतात आणि मगच दार ढकलतात. जुन्या मुलींचं मी समजू शकते. परवा मात्र नुकतीच लागलेली एक पोरगी तसंच करताना दिसली. जाधवबाई कोण, हे तिला ठाऊकसुद्धा नाही.