पाचवा कॅल्क्युलेटर

मुरबाडहून येताना वैशाखऱ्याच्या अलीकडे आमचं गाव. तिथे कुणाच्याही खळ्यावर भात मोजायचं झालं की माझ्या वडिलांना बोलावणं यायचं. पायली भरून ओतायची, आकडा मोठ्यानं म्हणायचा, बारा पायल्या झाल्या की एक मण. एका आजारपणानंतर त्यांचा आकडा सुटायला लागला. एकदा सात दोनदा म्हणाले. तेव्हापासून ते खळ्यावर जायचं टाळू लागले. मला ते बघवेना.

मी तेव्हा मुरबाडला कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवत होते. बटणांच्या मोबाइलसाठी फुकट प्रोग्रॅम लिहिणारी देशोदेशीची मंडळी एका मेलिंग लिस्टवर जमायची. तिथे मी मोडक्यातोडक्या इंग्रजीत नव्या कॅल्क्युलेटरचा प्रस्ताव आणि सोबत एक कच्चा नमुना टाकला: मापागणिक एक बटण दाबायचं, मोठे मराठी अंक दिसतील, मण आपोआप होतील. उत्तरं आली. चार कॅल्क्युलेटर आहेत, पाचवा कशाला? वापरणार कोण? मी खरं ते लिहिलं, माझे वडील. एकानं मात्र नमुना चालवून पाहिला आणि चूक कळवली, की पहिल्यांदा बटण दाबलं तर एक येत नाही, भलताच शब्द येतो. जाणत्यांपुढे शहाणपण मिरवायची मला कोण हौस. तासाभरात मी तो ‘लाभ’ शब्द काढून तिथे ‘१’ घातला.

वडिलांनी बटण दाबलं, बघितलं आणि मोबाइल माझ्या हातात परत ठेवला.

"पयल्या मापाला एक नाय बोलत गो. लाभ बोलायचा. तू तर मापाऱ्याची पोर."

मापाऱ्याच्या पोरीनं मान खाली घातली. लाभ परत घातला आणि लिस्टवर कळवलं, ही चूक नाही, असंच राहील. दोन दिवसांनी प्रस्ताव नाकारल्याचं पत्र आलं, अगदी गोड शब्दांत. मी चिडून त्यांना उत्तरही दिलं नाही.

मग तो नमुना असलेला मोबाइलच वडिलांच्या खिशात घातला आणि हट्टानं त्यांना शेजाऱ्यांच्या खळ्यावर नेलं. लाभ, दोन, तीन म्हणत ते नऊपर्यंत नीट गेले आणि अडले. खिशाकडे त्यांचा हात गेलाच नाही. शेजारीण सुपानं भात वारवत होती. कुणाकडे न बघता ती म्हणाली, "दहा." वडिलांनी पायली ओतली. अकरा सगळ्या खळ्यानं मिळून म्हटलं, आणि बारा मीही मोठ्यानं म्हटलं.