पान घरून खाऊन येणारे चाचा

“मी पान घरून खाऊनच आलो, साहेब,” असं म्हणत चाचा सभेत शिरत. तोंड लालभडक, खांद्यावर रुमाल, बांगड्यांचं दुकान नुकतंच लावून आलेले.

तुम्ही म्हणाल, त्यात काय मोठंसं? पण आमच्या गावच्या म्युनिसिपल कमेटीची रीत तुम्हाला ठाऊक नाही. मी तिथे कारकून होतो, चाचा मेंबर. ठराव वाचून झाला की अध्यक्ष पानाचं तबक फिरवत. विडा उचलला की संमती धरायची. वडीलधाऱ्यानं पुढे केलेला विडा नाकारायची कोणाची छाती? म्हणून चाचांनी ही युक्ती काढलेली. तोंडात पान असलेल्याला दुसरं कोण देणार!

अध्यक्ष गोड बोलत. पण रस्ते त्यांच्याकडे, कर त्यांच्याकडे, बाजारही त्यांच्याच मुठीत. बाकीचे मेंबर सभा संपल्यावर माझ्या टेबलापाशी येऊन कुरकुरत. मला अध्यक्षांपेक्षा या मंडळींचाच संताप येई.

एकदा ठराव आला, आठवडी बाजार जुन्या मैदानातून जिनाजवळ, म्हणजे कापसाची सरकी काढायच्या गिरणीपाशी, हलवायचा. जिनाजवळची जमीन अध्यक्षांची. मैदानाभोवती चाचांसारखे बांगडीवाले, पिंजारी, कल्हईवाले. बाजार गेला की त्यांच्या चुली विझल्या. चाचा मेंबरांच्या घरोघर फिरले.

“या खेपेले कोणी पान घेऊ नका,” त्यांनी बजावलं.

“नाही घेत, चाचा. गळ्याशपथ,” जो तो म्हणाला.

सभेत अध्यक्ष स्वतः उठले. एकेकापाशी जाऊन घरच्यांची खुशाली विचारली आणि आपल्या हातानं विडा दिला. चाचा सोडून सगळ्यांनी मान खाली घालून घेतला. माझा जीव चडफडला, पण कारकुनाला कोण विचारतो?

चाचा उभे राहिले. “मले मंजूर नाही.”

“काहून, चाचा? बाकी साऱ्याईले मंजूर आहे,” अध्यक्ष हसून म्हणाले.

“बाजार गेला त आमी खाऊ काय? इतकं तरी कोणी इचारा.”

कोणी विचारलं नाही. बाहेर आल्यावर एक मेंबर पुटपुटला, “हातातच ठेवला हो त्यायनं, नाही कसं म्हणू?” चाचा दुकानाकडे चालू लागले. मला मात्र त्याच्या कानशिलात लगावावीशी वाटली.

पुढच्या कमेटीत चाचांना घेतलं नाही. शेजारीपाजारी जिनाजवळ पालं ठोकायला गेले. चाचा बाजाराच्या दिवशी रिकाम्या मैदानासमोर बांगड्या मांडून बसत.

“चाचा, इथं गिऱ्हाईक कुठून येईल?” मी एकदा विचारलं.

“नाही येत. पण मी उठलो त थे म्हनतीन, साऱ्याईलेच मंजूर होतं.”



उन्हाळ्यात ते वारले. जनाज्याला गाव लोटलं. अध्यक्ष आले, मेंबरही आले, चांगलं चांगलं बोलले. पुढच्या बाजाराला मी मुद्दाम मैदानावरून गेलो. चाचांच्या दुकानाला कुलूप होतं. आता खरोखरच साऱ्या गावाला मंजूर होतं.